बँकेत जमा ८६ लाख, विवरणपत्रात विक्री ५२ लाख: मधल्या फरकाचा माग कसा काढायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुमचं हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. आर्थिक वर्ष २०२२-२३ चं विवरणपत्र तुम्ही कलम ४४एडीखाली (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी अंदाजे नफा धरायची छोट्या धंद्यांची सोय) भरलं आणि उलाढाल दाखवली ५२,३०,०००. त्याच वर्षी चालू खातं आणि बचत खातं मिळून जमा झाले ८६,२५,०००. आता कलम १४८एची, म्हणजे जुनं प्रकरण पुन्हा उघडण्याआधी खुलासा मागणारी, नोटीस आली आहे. फरकाचे ३३,९५,००० हे लपवलेलं उत्पन्न का धरू नये, असं त्यात विचारलंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. उत्तर काय द्यायचं? ज्यांनी उसने पैसे दिले त्यांची पत्रं जोडली तर भागेल का? आणि काकांकडून रोखीने घेतलेले दीड लाख आता रोखीनेच फेडून टाकले तर विषय मिटेल का?

सगळ्यात आधी एक गोष्ट. "फरकाची रक्कम नातेवाइकांकडून घेतलेली उसनवारी आहे" असं एका ओळीचं उत्तर कृपा करून देऊ नका. पोर्टलवर तुम्ही तसा मसुदा तयार ठेवलाय म्हणता, तो पाठवू नका. एक तर ते खरं नाही, कारण तुमच्याच आकड्यांप्रमाणे उसनवारी आणि कर्ज मिळून १६ लाखच आहेत. आणि एकदा ३३,९५,००० उसने घेतले असं लेखी दिलंत की राहिलेले अठरा लाख कोणाचे, हे सिद्ध करायचं ओझं तुम्ही स्वतःहून अंगावर घेता. अधिकाऱ्याने दोन आकड्यांची वजाबाकी केली आहे. तुम्ही वजाबाकीला उत्तर द्यायचं नाही, खात्यातल्या प्रत्येक जमेला द्यायचं.

दोन्ही बँकांकडून पूर्ण वर्षाचे उतारे एक्सेलमध्ये मागून घ्या. त्यासोबत मागच्या वर्षाचे शेवटचे तीन महिने आणि पुढच्या वर्षाचे पहिले तीन महिनेही घ्या. उसने पैसे मार्चअखेर बघून येत-जात नाहीत, त्यामुळे नुसत्या वर्षाच्या उताऱ्यात माग अर्धाच लागतो. बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षं ठेवाव्या लागतात, पण नागरी सहकारी बँकेचं विलीनीकरण झालं किंवा संगणकप्रणाली बदलली की जुने उतारे निघायला महिना-महिना लागतो. अर्ज आजच टाका. मग जमेच्या प्रत्येक ओळीसमोर एक शेरा लिहायचा: विक्री, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून, कर्ज, परतावा, न वटलेला धनादेश, दिलेल्या उसन्याची वसुली.

तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून मी हे करून पाहिलं. विवरणपत्रातली ५२,३०,००० ही जीएसटीशिवायची विक्री आहे. तुमचा माल १८ टक्क्यांचा, म्हणजे ग्राहकाकडून आलेले पैसे ६१,७१,४००. इथेच ९,४१,४०० चा फरक उत्पन्नाशी काहीही संबंध नसताना सुटतो, आणि तो तुमच्या जीएसटीच्या ३बी विवरणपत्रांत महिन्यागणिक दिसतो. त्यात वर्षाच्या सुरुवातीची येणी ५,२०,००० मिळवा, अखेरची ६,१०,००० वजा करा. उरतात ६०,८१,४००. गल्ल्यातली रोकड बँकेत न भरता परस्पर मजुरी, भाडं आणि घरखर्चाला गेली ती ७,३१,४००. म्हणजे विक्रीपोटी बँकेत आले ५३,५०,०००. एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेले ९,७५,०००. कर्ज आणि उसनवारी १६,००,०००. परत केलेल्या मालाचे वितरकाकडून आलेले १,४०,०००. जमा होऊन न वटल्याने उलट फिरलेले धनादेश २,६०,०००. तुम्ही चुलतभावाला आदल्या वर्षी दिलेले आणि या वर्षी परत आलेले ३,००,०००. बेरीज करा, बरोबर ८६,२५,००० येते.

हा एक पानाचा तक्ता तुमच्या उत्तराचा कणा आहे. १४८एच्या टप्प्यावर मोघम हरकत घेऊन पुढे बघू, असं बरेच जण करतात. तुमच्या बाबतीत मला ते पटत नाही. हिशेब जुळतोय, तर तो नोटिशीतल्या मुदतीत पहिल्याच उत्तरात ठेवा, आणि ज्या माहितीवर नोटीस काढली तिची प्रत मागा. तरीही प्रकरण पुन्हा उघडलं तरी हाच तक्ता तुम्हाला पुढे अपिलापर्यंत पुरेल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी तुमचं वर्ष १९६१ च्याच कायद्याखाली तपासलं जाणार आहे, म्हणून मी खाली जुनीच कलमं देतोय.

तक्त्यातल्या सोप्या नोंदी झटपट उरका. स्वतःच्या खात्यांतल्या बदलीला दोन्ही उताऱ्यांतला एकच यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक पुरतो. न वटलेल्या धनादेशाची जमा आणि नावे दोन्ही ओळी शेजारीशेजारी दाखवा. चुलतभावाच्या तीन लाखांसाठी आदल्या वर्षीचा उतारा काढा, त्यात तुमच्या खात्यातून गेलेली नोंद सापडली की काम झालं.

बचत खात्यावर दुकानाचा क्यूआर कोड लावून घेतलेले पैसे मात्र नीट तपासा. ते रोजमेळात विक्री म्हणून चढले आहेत ना, हे महिनावार ३बीशी ताडून बघा. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा कित्येकांची अडचण नेमकी हीच होती. तुमच्याकडे काही विक्री राहून गेली असेल तर ती विक्री म्हणूनच मान्य करा. राहिलेल्या विक्रीतला नफा करपात्र होतो, सगळी रक्कम नव्हे, हा युक्तिवाद अपिलात टिकतो. जीएसटी व्याजासह भरावा लागेल, तो भरा. तीच रक्कम "मित्राने दिली" म्हणून उसनवारीत घुसवलीत तर नफ्यावरचा कर वाचवायला जाऊन सगळ्या रकमेवरचा कर ओढवून घ्याल.

आता उसनवारीकडे येतो. वादाचं मूळ तिथेच आहे.

४४एडीखाली हिशेबवह्या ठेवायची सक्ती नसते, म्हणून उसन्या पैशाचा खुलासाही मागता येत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो काढून टाका. नफ्यापुरती ती सवलत आहे. बँकेचं पासबुक म्हणजे करदात्याने ठेवलेली वही नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वी म्हटलं आहे, त्यामुळे नुसत्या पासबुकावरून कलम ६८ (वहीतली खुलासा नसलेली जमा उत्पन्न धरणारं) लावायला हरकत घेता येते. ती जरूर घ्या, पण दुसऱ्या फळीत ठेवा, कारण अधिकारी कलम ६९एकडे (वहीत नसलेल्या, खुलासा नसलेल्या पैशाचं) वळू शकतो. पहिल्या फळीत खुलासाच हवा.

कलम ६८ तीन गोष्टी विचारतं: देणारा कोण, त्याची देण्याची ऐपत होती का, आणि व्यवहार खरा आहे का. २०२२ च्या वित्त कायद्याने त्यात चौथी घातली. देणाऱ्याकडे ते पैसे कुठून आले, याचाही समाधानकारक खुलासा हवा. ही दुरुस्ती करनिर्धारण वर्ष २०२३-२४ (म्हणजे आर्थिक वर्ष २०२२-२३) पासून लागू आहे, म्हणजे तुमचं वर्ष तिच्या कचाट्यात येणारं पहिलंच. "सोर्सचा सोर्स विचारता येत नाही" असे जुने निकाल तुम्हाला कोणी पाठवले असतील, त्यांच्यावर विसंबू नका. खुलासा पटला नाही तर कलम ११५बीबीईचा दर लागतो. ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर, म्हणजे रकमेच्या ७८ टक्के. त्यातून कुठला खर्च किंवा तोटा वजा होत नाही. शिवाय कलम २७१एएसीखाली मूळ कराच्या १० टक्के दंड आणि व्याज वेगळं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नुसती पत्रं पुरणार नाहीत. पत्र हवंच, त्यात पूर्ण नाव, पत्ता, पॅन, तारीखवार रक्कम, कुठल्या खात्यातून दिली, किती परत मिळाली आणि ३१ मार्चला किती बाकी होती हे सगळं हवं. पण मी स्वतः कागद तपासताना आधी उघडतो तो देणाऱ्याच्या बँकेचा उतारा, आणि त्यातले पैसे निघण्याआधीचे पंधरा दिवस. अधिकारीही तेच बघतो.

तुमच्या मेहुण्यांचा उतारा बघा. पुण्यात नोकरी, दर महिन्याला पगार जमा, आणि ६,००,००० आरटीजीएस करण्याच्या तीन दिवस आधी ५,००,००० ची मुदत ठेव मोडल्याची नोंद. तुमच्याकडे रक्कम आली त्याच दिवशी दुपारी ती पाइपच्या वितरकाला गेली. पैसा कुठून निघाला, कशासाठी आला आणि कुठे गेला, सगळं दोन उताऱ्यांत दिसतंय. यासोबत त्यांचं विवरणपत्र जोडलं की इथे फार काही उरत नाही. एकच सांभाळा. तुम्ही त्यांना व्याज दिलं असेल तर ते त्यांच्या विवरणपत्रात दिसायला हवं. तुम्हाला ४४एडीखाली त्या व्याजाची वेगळी वजावट मिळत नाही, म्हणून पुष्कळ जण नोंदच ठेवत नाहीत आणि मग दोघांची कागदपत्रं वेगवेगळं बोलतात.

मेहुण्यांनी आणखी १,८०,००० थेट वितरकाच्या खात्यात भरले, हे तुम्ही शेवटी ओघात लिहिलंय. ते तुमच्या बँकेत आलेच नाहीत, म्हणून वरच्या तक्त्यात नाहीत. पण वितरकाच्या खतावणीत ते तुमच्या खात्यावर जमा आहेत, आणि त्याच्याकडे चौकशी गेली की "हे पैसे तुम्ही कुठून दिले" असा प्रश्न कलम ६९सीखाली (खुलासा नसलेला खर्च) येऊ शकतो. वितरकाकडून खातेउतारा घ्या, मेहुण्यांच्या पत्रात ही रक्कम वेगळी लिहून घ्या. तुमच्या हिशेबात मेहुण्यांना जमा आणि वितरकाला नावे अशी हवाला नोंद (पैसे न हलवता फक्त वहीत केलेली) येईल. अशा नुसत्या नोंदीने कर्ज घेणं-फेडणं कलम २६९एसएस (उसने बँकेतूनच घ्या) आणि २६९टीच्या (बँकेतूनच फेडा) चौकटीत बसत नाही, पण व्यवहार खरा आणि धंद्याच्या गरजेचा असेल तर दंड लावू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ट्रायम्फ इंटरनॅशनल फायनान्सच्या प्रकरणात म्हटलं. तुमच्याकडे तर पैसे बँकेतूनच गेले आहेत, त्यामुळे बाजू आणखी भक्कम आहे.

खरी कसोटी मित्राच्या साडेतीन लाखांची आहे. त्यांच्या पासबुकात ११ जुलैला शिल्लक १४,३५०. त्याच दिवशी ३,४०,००० रोख भरले. १२ जुलैला ३,५०,००० एनईएफटीने तुमच्याकडे. हा नमुना दिसला की कुठलाही अधिकारी थांबतो, कारण स्वतःची रोकड दुसऱ्याच्या खात्यातून फिरवून घेणारे नेमकं असंच करतात. तुमचे मित्र शेतकरी आहेत, करपात्र उत्पन्न नाही, विवरणपत्र नाही. तेवढ्याने ऐपत नाही असं ठरत नाही, पण ती दुसऱ्या कागदांनी दाखवावी लागते.

ते म्हणतात, हळद विकली होती. मग ११ जुलैपासून मागे चालत जा. सांगली मार्केट यार्डातल्या अडत्याच्या दोन पट्ट्या त्यांच्याकडे आहेत, ५ जुलैची १,६२,००० ची आणि ९ जुलैची १,४८,००० ची. मिळून ३,१०,००० झाले, वरचे ३०,००० घरातली शिल्लक. पट्ट्यांवर त्यांचं नाव आहे का, पोती आणि वजन लिहिलंय का, हमाली-तोलाई कापून निव्वळ रक्कम किती, आणि ती रोख दिली असा शेरा आहे का, हे बघा. शेतमालाचे पैसे शेतकऱ्याला रोखीने द्यायला नियम ६डीडीत सूट आहे आणि दोन्ही रकमा दोन लाखांच्या आत आहेत, त्यामुळे दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी करणाऱ्या २६९एसटीचाही अडसर नाही. अडत्याने रोख का दिली, याला कायद्यातच उत्तर आहे. पुढे सातबारावर त्या हंगामाची पीकपाहणी बघा. तिथे ऊस किंवा सोयाबीन लागलं असेल आणि हळदीचा पत्ताच नसेल, तर पट्टी असूनही खुलासा लंगडा पडतो. हळदीचं क्षेत्र आणि पट्टीवरचे क्विंटल एकमेकांना धरून असायला हवेत. अडत्याच्या दप्तरातली त्याच तारखांची नोंद त्याच्या सहीने मिळाली तर फारच उत्तम, कारण तो तिसरा माणूस आहे, त्याला तुमच्या वादात काही मिळवायचं नाही.

हे कागद मिळाले नाहीत तर? तर सरळ सांगतो, ही रक्कम उत्पन्नात धरली जाण्याची शक्यता मोठी आहे. ३,५०,००० वर ७८ टक्क्यांनी २,७३,००० कर आणि २१,००० दंड. आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि कोणीतरी सुचवतं की पट्टी करून घेऊ, मागच्या तारखेची हातउसनी पावती लिहून घेऊ. त्या वाटेला जाऊ नका. मुद्रांकावर विक्रीची तारीख असते, अडत्याच्या पावतीपुस्तकात अनुक्रमांक असतो. बनावट नोंदीला कलम २७१एएडीखाली त्या नोंदीइतकाच दंड आहे, आणि खोट्या निवेदनाला खटला. त्याहून वाईट म्हणजे एक खोटा कागद उघडा पडला की मेहुण्यांचा अगदी स्वच्छ व्यवहारही संशयाने वाचला जातो. आज लिहिलेल्या पत्रावर आजचीच तारीख घाला. "मी १२ जुलै २०२२ रोजी दिले होते" असं आजच्या तारखेने लिहिलेलं पत्र पूर्ण वैध आहे.

मित्राला आणि मेहुण्यांना आत्ताच कल्पना द्या की त्यांना कलम १३३(६)खाली माहिती मागणारी थेट नोटीस येऊ शकते. त्यांनी घाबरून ती बाजूला ठेवली तर नुकसान तुमचं होतं. काय खरं आहे तेच त्यांनी स्वतःच्या शब्दांत, मुदतीत कळवायचं. तुम्हीही उत्तरात स्पष्ट लिहा की देणाऱ्यांची नावं, पत्ते, पॅन दिले आहेत आणि गरज वाटल्यास त्यांना कलम १३१खाली बोलावून विचारावं. ओरिसा कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली हेच महत्त्वाचं मानलं. करदात्याने तपशील दिला, पुढे चौकशी खात्याने केली नाही, तर त्याचा दोष करदात्यावर टाकता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने तुमचं ओझं वाढलं, पण म्हणून खात्याची चौकशीची जबाबदारी संपली असं नाही.

बायकोच्या सोनेतारणाचे दोन लाख आणि पतसंस्थेचे तीन लाख यात मला फारशी अडचण दिसत नाही. सोनेतारणाला बँकेचं मंजुरीपत्र आणि बायकोच्या खात्यातून तुमच्या खात्यात आल्याची नोंद पुरेल. पतसंस्थेची रक्कम धनादेशाने बँकेत आली आहे हे चांगलं झालं. २६९एसएसमधून सहकारी बँकेला सूट आहे, पतसंस्था त्या सुटीत येत नाही, हे गावाकडे फार जणांना माहीत नसतं.

राहिले काका. त्यांच्या दीड लाखांच्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिली कलम ६८ ची. त्यांच्या जिल्हा बँकेच्या खात्यात कारखान्याचं ऊसबिल जमा झालंय आणि त्यातून त्यांनी १,६०,००० काढले, दोनच दिवसांनी तुमच्या खात्यात १,५०,००० रोख भरले गेले. ही वाट स्वच्छ आहे. दुसरी परीक्षा २६९एसएसची. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसनवारी रोखीने घेता येत नाही. घेतली तर कलम २७१डीखाली तेवढ्याच रकमेचा दंड, म्हणजे दीड लाख. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असतं आणि करपात्र काहीच नसतं तर सूट मिळाली असती. तुमचं दुकान असल्याने ती नाही. उरतं कलम २७३बी: वाजवी कारण दाखवलं तर दंड लागत नाही. वितरकाचा धनादेश त्याच दिवशी वटायचा होता असं तुम्ही लिहिलंय. तो धनादेश उताऱ्यात त्याच दिवशी गेलेला दिसत असेल तर कारण सांगू नका, दाखवा. आणि अधिकाऱ्याने ही रक्कम तुमचंच उत्पन्न म्हणून धरली, तर ती उसनवारी उरत नाही आणि २७१डीचा दंड त्याच रकमेवर लावता येत नाही, हा मुद्दा राखून ठेवा.

हे पैसे रोखीने फेडायचा विचार मात्र सोडा. परतफेडीलाही तीच वीस हजारांची मर्यादा आहे, आणि दंड पुन्हा रकमेइतकाच (जुन्या कायद्यात ही कलमं २६९टी आणि २७१ई). टप्प्याटप्प्याने एकोणीस-एकोणीस हजार देऊनही सुटका नाही, कारण फेडतेवेळी त्यांची एकूण बाकी किती होती तेही बघितलं जातं. बेअरर चेकही चालत नाही. तुमच्या खात्यातून काकांच्या जिल्हा बँकेच्या खात्यात एनईएफटी करा, शेऱ्यात "उसने परत" लिहा आणि काकांच्या पत्रात ती तारीख घाला. एवढी रक्कम एकदम जमत नसेल तर दर महिन्याला थोडी द्या, पण दर वेळी बँकेतूनच.